वरदेकाठची राजकन्या, विदिशेतले रुसवेफुगवे

प्रश्न : मुलीच्या नादानं हाँगकाँगची एक कँटोनीज मालिका पाहिली. सम्राटाची लाडकी लेक, सेनापतीचा तापट मुलगा, दोघांचं लग्न आणि मग घरातली भांडणं. नवरा दारूच्या भरात राजकन्येवर हात उचलतो, ती रडत माहेरी जाते, दोन्हीकडचे वडीलधारे तारांबळ उडाल्यासारखे पळतात. सगळं ऐतिहासिक, तरी हसतखेळत चाललेलं. आपल्याकडच्या ऐतिहासिक मालिका म्हणजे तलवारी नाहीतर डोळ्यांत पाणी. राजघराण्यातल्या लग्नावर अशी गंमत करायची रीत आपल्याकडे कधी होती का? आणि असलीच, तर आपल्या यवतमाळ-वऱ्हाडाशी तिचा काही संबंध आहे का?
– एक वाचक, राळेगाव

उत्तर : ताई, रीत होती आणि संबंधही आहे. तुमच्या तालुक्याच्या कडेनं वाहणारी वर्धा नदी त्या गोष्टीत नावानिशी येते. पण आधी तुमच्या मालिकेचं सांगतो.

तुम्ही वर्णन केलेली कथा चीनच्या तांग राजवटीतली आहे. सम्राट दायत्सोंग याची मुलगी शेंगपिंग आणि सेनापती क्वो त्झयी याचा मुलगा क्वो आय यांचं हे लग्न इ. स. ७६५ मधलं. या सेनापतीनं मोठं बंड मोडून सम्राटाचं सिंहासन वाचवलं होतं. दोन वर्षांनी नवराबायकोत वाजलं. तुझे वडील सम्राट आहेत याचा एवढा तोरा कशाला, माझ्या वडिलांना ती गादी नको होती म्हणून ती तुमच्याकडे आहे, अशा अर्थाचं काहीतरी क्वो आय बोलून गेला. हा उघड राजद्रोह होता. सेनापतीनं मुलाला कोंडलं आणि शिक्षा मागायला तो स्वतः दरबारात हजर झाला. सम्राटानं त्याला समजावलं, की लेकीसुनांच्या शेजघरातलं भांडण म्हाताऱ्यांनी ऐकायचं नसतं, अशा वेळी कानांनी जरा बहिरं व्हावं. जुन्या इतिहासग्रंथातली चकमक शब्दांचीच आहे. दारू आणि मारहाण ही पुढच्या नाटकांची भर. कँटोनीज संगीत नाटकात ही कथा फार लोकप्रिय झाली आणि तिथून ती चित्रपटांत व मालिकांत उतरली. राजकन्येला मारण्यात हसण्यासारखं काय आहे, असं तुमच्या मुलीला वाटलं असेल तर तिचं बरोबर आहे. मलाही त्या प्रसंगात हसू येत नाही.

आता आपल्याकडे या. कालिदासाचं ‘मालविकाग्निमित्र’ हे त्याचं पहिलं नाटक मानतात. पाच अंकांचं आहे आणि वसंतोत्सवात करण्यासाठी लिहिलेलं आहे. राजा अग्निमित्र हा पुष्यमित्र शुंगाचा मुलगा, राजधानी विदिशा, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातलं विदिशा. नायिका मालविका ही विदर्भाची राजकन्या. कालिदासाला हा काळ पाचेक शतकं जुना होता, म्हणजे त्याच्या प्रेक्षकांसाठीही ही ऐतिहासिक मालिकाच. आणि हे नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत विनोदी आहे. ‘शाकुंतला’सारखा शाप नाही, विरहात झुरणं नावापुरतं. आहे तो एक राजवाडा, दोन राण्या, एक दासी आणि सगळ्यांची पळापळ.

गोष्ट अशी सुरू होते. थोरली राणी धारिणी हिच्याकडे मालविका नावाची एक मुलगी दासी म्हणून राहते आहे. धारिणीचा भाऊ वीरसेन हा सरहद्दीवरच्या किल्ल्याचा अधिकारी, त्यानं ती बहिणीकडे पाठवली, कारण मुलगी कलांमध्ये हुशार दिसली. राजानं तिला पाहिलं ते एका चित्रात. ही कोण, असं त्यानं विचारल्यावर धारिणी गप्प बसली, पण धाकटी राजकन्या वसुलक्ष्मी पटकन नाव सांगून मोकळी झाली. तेव्हापासून राणी मालविकेला राजाच्या नजरेआड ठेवते आहे, आणि राजाला ती एकदा डोळाभर पाहायची आहे.

सोय करतो विदूषक गौतम. दरबारात गणदास आणि हरदत्त असे दोन नृत्यगुरू आहेत. गौतम त्यांच्यात मोठं कोण यावरून कलागत लावून देतो. दोघे तावातावानं राजाकडे येतात. निवाड्याला पंडिता कौशिकी या परिव्राजिकेला बसवतात. ती म्हणते, नाट्य ही करून दाखवायची विद्या आहे, तेव्हा बोलणं पुरे, शिष्यांना नाचवा. अंगांच्या हालचाली नीट दिसाव्यात म्हणून पोशाख जड नको, अशीही सूचना करते. गणदासाची शिष्या कोण, तर मालविका! धारिणीला डाव लगेच कळतो. राज्यकारभारात एवढं चातुर्य दाखवलं असतंत तर किती बरं झालं असतं, असं ती नवऱ्याला सर्वांसमोर सुनावते. हे वाक्य आजच्या कुठल्याही मालिकेत घाला, टाळी पडेल.

तिसऱ्या अंकातला प्रसंग मला सगळ्यात जास्त आवडतो. प्रमदवनातला अशोक फुलत नाही. सुंदर स्त्रीनं नूपुर घातलेल्या पायानं लाथ मारली की अशोक फुलतो, हा कविलोकांचा जुना संकेत. हा मान खरं तर धारिणीचा. पण गौतमाच्या धांदरटपणामुळे ती झोक्यावरून पडली आहे आणि पाय दुखावला आहे. म्हणून ती मालविकेला पाठवते आणि कबूल करते, की पाच रात्रींच्या आत झाड फुललं तर तुझी इच्छा पुरी करीन. राजा झाडाआड. तेवढ्यात धाकटी राणी इरावती येते. तिनं मद्य घेतलेलं आहे आणि राजासोबत झोका घ्यायचा असं ठरलेलं आहे. दिसतं ते दासीच्या पायाकडे टक लावून बसलेला नवरा. इरावती संतापून कमरेची मेखला काढते आणि राजावर उगारते.

इथं तुमची मालिका आठवा. तिकडच्या नाटकात दारू प्यालेला नवरा राजकन्येला मारतो, इकडे दारू प्यालेली राणी राजावर हात उगारते आणि राजा पाया पडतो. कालिदासाच्या विनोदात पडतं कोण घेतं, ते पाहावं. मार खायची, पकडलं जायची, खोटं बोलताना तोंड लपवायची पाळी दरवेळी राजावर येते. विदर्भावर चढाई करण्याचा हुकूम तो पहिल्या अंकात दोन वाक्यांत देऊन टाकतो, पुढचे चार अंक त्याची सगळी बुद्धी एका मुलीशी चार शब्द बोलता यावेत यावर खर्च होते. सिंहासनावरच्या माणसाला असं उभं करणं आणि ते प्रेक्षकांना प्रेमानं पाहायला लावणं, ही आपल्या रंगभूमीची जुनी हिंमत आहे. आज ती आपल्या ऐतिहासिक मालिकांमधून जवळजवळ गेली, ही तुमची तक्रार मला पूर्ण मान्य आहे. राजा घरात नवरा, बाप, जावई असतो, तिथं तो चुकतो, हे दाखवलं म्हणून त्याचा मान कमी होत नाही.

पुढचा अंक तर निव्वळ धमाल. इरावतीच्या तक्रारीवरून मालविका आणि तिची मैत्रीण बकुलावलिका तळघरात कोंडल्या जातात. धारिणीची नागमुद्रेची अंगठी पाहिल्याशिवाय त्यांना सोडायचं नाही असा हुकूम. गौतम केवड्याच्या काट्यानं बोटाला खुणा करून घेतो आणि साप चावला म्हणून लोळू लागतो. वैद्य सांगून पाठवतो, की उताऱ्यासाठी नागाची आकृती असलेली वस्तू लागेल. धारिणी घाबरून स्वतःच अंगठी काढून देते. मुली सुटतात, राजाची भेट होते, आणि पहाऱ्याला बसलेला गौतम झोपून जातो. झोपेत मालविकेचं नाव बडबडतो, ते नेमकं इरावतीच्या कानावर पडतं. तिची दासी निपुणिका सापासारखी वाकडी काठी त्याच्या अंगावर टाकते, हा किंचाळतो, राजा धावत बाहेर येतो आणि पुन्हा सापडतो. त्यातून सुटका कोण करतं? एक पिवळं माकड. त्यानं छोट्या वसुलक्ष्मीला घाबरवलं असा निरोप येतो आणि सगळे तिकडे पळतात.

पण या हसण्याखाली जे चाललं आहे ते आपल्या भागाचं आहे. विदर्भाच्या गादीवर यज्ञसेन आहे. त्याचा चुलतभाऊ माधवसेन अग्निमित्राच्या बाजूचा. आपली बहीण अग्निमित्राला द्यायची म्हणून तो तिला घेऊन विदिशेला निघाला होता. वाटेत यज्ञसेनाच्या सीमारक्षकांनी त्याला पकडलं आणि त्या गडबडीत बहीण हरवली. अग्निमित्रानं त्याला सोडा म्हटल्यावर यज्ञसेनानं उलट अट घातली : तुमच्या कैदेत असलेला माझा मेहुणा, पूर्वीच्या मौर्यांचा मंत्री, त्याला आधी सोडा. म्हणजे मौर्यांची राजवट जाऊन शुंग आले, तेव्हाचं राजकारण थेट आपल्या वऱ्हाडात पोचलेलं आहे. सोयरीक हाच त्यातला डाव. बहीण विदिशेत पोचली तर माधवसेनाच्या पाठीशी शुंगांची फौज उभी राहणार, हे यज्ञसेनाला नक्की कळत होतं.

हरवलेली बहीण म्हणजे मालविका. पाचव्या अंकात विदर्भ जिंकल्यावर तिथून भेट म्हणून आलेल्या दोन गाणाऱ्या मुली तिला ओळखतात. मग कौशिकी बोलते. ती माधवसेनाच्या मंत्र्याची, सुमतीची बहीण. सुमती मालविकेला घेऊन निसटला, व्यापाऱ्यांच्या तांड्यात मिसळला, रानात दरोडेखोरांनी गाठलं आणि तिला वाचवताना मारला गेला. मुलीला वर्षभर दासीपण भोगावं लागेल आणि मग योग्य वर मिळेल, असं एका सिद्धपुरुषानं सांगितलेलं होतं, म्हणून कौशिकी गप्प राहिली. पहिल्या दोन अंकांत परीक्षक म्हणून शांत बसलेली ही बाई मनात भावाचं मरण घेऊन बसली होती, आणि समोर नाचणारी कोण आहे हे तिला एकटीलाच ठाऊक होतं. हे कळल्यावर ते अंक पुन्हा वाचावेसे वाटतात.

आणि मग अग्निमित्र निकाल देतो : विदर्भ दोघा चुलतभावांत वाटायचा, वरदा नदीच्या उत्तर आणि दक्षिण तीरांवर. वरदा म्हणजे आपली वर्धा. बाभुळगाव, कळंब, राळेगाव, मारेगाव, वणी हे तालुके तिच्या उजव्या हाताला. यवतमाळहून कळंबमार्गे वर्ध्याला जाताना किंवा वणीहून वरोऱ्याकडे पाटाळ्याच्या पुलावरून जाताना तुम्ही कालिदासानं आखलेली ती सीमा ओलांडता. कोणता तीर कोणाला मिळाला हे नाटकात सांगितलेलं नाही, तेव्हा यवतमाळकर माधवसेनाचे की यज्ञसेनाचे, हा वाद खुशाल घाला. नदीची ती सीमा मात्र टिकाऊ निघाली. १८५३ साली निजामानं वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिलं आणि पुढच्याच वर्षी नागपूरचं राज्य खालसा झालं. तेव्हापासून १९०३ पर्यंत अलीकडे वऱ्हाड, पलीकडे आधी नागपूर आणि पुढे मध्य प्रांत, आणि मध्ये हीच वर्धा. आजही यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांची हद्द बरीचशी तिच्याच पात्रातून जाते.

शेवटचं लग्न लावते ती धारिणी. तिचा मुलगा वसुमित्र आजोबांच्या अश्वमेधाचा घोडा राखताना सिंधूकाठी यवनांशी लढून जिंकला, असं पुष्यमित्राचं पत्र येतं. अशोकही पाच रात्रींच्या आत फुललेला आहे. धारिणी शब्द पाळते. मालविका कोण हे उलगडण्याआधीच तिला विदर्भाच्या पद्धतीचा लग्नाचा साज चढवायला तिनं कौशिकीला सांगितलेलं असतं. तो साज कसा होता याचं वर्णन कालिदासानं करून ठेवलं असतं तर! पण परक्या राजवाड्यात, वर्षभर दासी म्हणून राबलेल्या मुलीला नवरीसारखं नटवावं हे सवतीला सुचतं, यात धारिणीची सगळी थोरवी आली. माझ्या मते या नाटकाची खरी नायिका तीच. सगळे तिला फसवतात, तिला बहुतेक सगळं कळतं, आणि निर्णय शेवटी तीच घेते.

प्रश्न : हे खरंच घडलं होतं का?

उत्तर : पुष्यमित्र आणि अग्निमित्र ही नावं पुराणांच्या राजवंशावळीत आहेत. पुष्यमित्रानं दोन अश्वमेध केल्याचा उल्लेख अयोध्येच्या एका शिलालेखात मिळतो. इ. स. पूर्व १८५ च्या सुमारास त्यानं शेवटच्या मौर्य राजाला मारून गादी घेतली. यज्ञसेन, माधवसेन आणि मालविका यांच्यासाठी मात्र हे नाटक हाच आधार. इतिहासकार त्यातल्या युद्धाला आणि वाटणीला महत्त्व देतात, अंगठी आणि माकड कालिदासाचं.

खरं घडलेलं, ताम्रपटांवर कोरलेलं एक राजलग्न मात्र विदर्भाकडे आहे आणि त्याची दिशा उलटी आहे. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त यानं आपली मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याला दिली. ती उत्तरेतून विदर्भात आली, रामटेकजवळच्या नंदिवर्धनला, म्हणजे आजच्या नगरधनला. नवरा लवकर गेला. मुलगा दिवाकरसेन लहान होता, म्हणून तिनं त्याच्या वतीनं राज्य चालवलं. पुण्यात सापडलेला तिचा ताम्रपट तिच्या कारभाराच्या तेराव्या वर्षाचा आहे, आणि त्यात ती सासरच्या आधी माहेरची गुप्तांची वंशावळ सांगते. कालिदास याच काळातला मानतात. ‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजे रामटेक, हे नागपूरच्या वा. वि. मिराशींनी साधार मांडलं. त्यामुळे विदर्भाची सोयरीक म्हणजे काय आणि तिच्यामागे किती राजकारण असतं, हे त्या काळच्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

प्रश्न : असं आणखी एखादं नाटक आहे का?

उत्तर : राजवाड्यातली ही गुपचूप प्रेमाची रचना पुढे इतकी रुळली, की सातव्या शतकात सम्राट हर्षानं ‘रत्नावली’ आणि ‘प्रियदर्शिका’ याच धर्तीवर लिहिली. पण तुमच्यासाठी खास म्हणजे राजशेखराची ‘कर्पूरमंजरी’, इ. स. ९०० च्या आसपासची, सबंध प्राकृतात. तिची नायिका वच्छोम नगरीची आहे. वच्छोम म्हणजे वत्सगुल्म, म्हणजे यवतमाळच्या शेजारचं वाशीम! भैरवानंद नावाचा मांत्रिक तिला तिथून थेट राजाच्या दरबारात आणून उभी करतो, न्हाऊन ओलेती अशीच. हे नाटक रंगभूमीवर आलं ते राजशेखराच्या पत्नीच्या, अवंतिसुंदरीच्या इच्छेवरून, असं प्रस्तावनेतच सांगितलं आहे. राजशेखराला वाशीमचं भारी प्रेम. आपल्या ‘काव्यमीमांसे’त त्यानं काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं तेही याच वत्सगुल्मात.

प्रश्न : लाथेनं फुलणारा अशोक म्हणजे शाळेसमोर असतो तोच का?

उत्तर : नाही. शाळा-कचेऱ्यांपुढे सरळसोट उंच वाढतो, लांब पानं खाली लोंबतात, तो वेगळा वृक्ष. त्याची फुलं हिरवट असतात आणि सहसा कुणाच्या लक्षातही येत नाहीत. कालिदासाचा अशोक म्हणजे सीतेचा अशोक. वसंतात त्याच्या फांद्यांवर नारिंगी-लाल फुलांचे गुच्छ येतात आणि हळूहळू गडद होतात.

प्रश्न : नाटक मराठीत करायचं झालं तर आमच्या महिला मंडळाला जमेल का? आणि इरावतीचं शेवटी काय होतं?

उत्तर : जरूर करा. पात्रांत स्त्रियाच जास्त आहेत : धारिणी, इरावती, कौशिकी, मालविका, बकुलावलिका, निपुणिका, शिवाय गाणाऱ्या दोघी. संस्कृतात यांतल्या बहुतेकींचं बोलणं प्राकृतात आहे, एकटी कौशिकी विदुषी म्हणून संस्कृत बोलते. मराठी करताना हा फरक ठेवा. कौशिकीला ग्रंथातली मराठी द्या आणि बाकीच्यांना खुशाल वऱ्हाडी बोलू द्या. इरावती वऱ्हाडीत रागावली तर काय बहार येईल! मूळ संहितेसाठी शंकर पांडुरंग पंडितांनी संपादलेली मुंबई संस्कृत ग्रंथमालेतली १८६९ ची आवृत्ती पाहा.

इरावती पाचव्या अंकात येतच नाही. आपल्याकडून मर्यादा ओलांडली गेली, राजानं क्षमा करावी, असा निरोप ती दासीबरोबर पाठवते आणि धारिणी तो स्वीकारते. एवढ्यावर तिचं प्रकरण मिटतं. मला हे मिटणं पटत नाही. फसवलं गेलं तिला आणि माफी मागायचीही तिनंच. संस्कृत नाटकाला सगळ्यांचं गोड करून संपवायचं असतं, म्हणून तिला पडद्याआड ठेवलं आहे. तुम्ही बसवाल तेव्हा तो निरोप दासीच्या तोंडी न ठेवता इरावतीलाच रंगमंचावर आणून बोलायला लावा. शब्द कालिदासाचेच राहू द्या. ते कोणत्या आवाजात म्हणायचे, हे तिचं काम करणारी बाई ठरवील.